पाचवी लेकुरवाळी

"थांब गं! हिच्या हातनं नको."

ताईसाहेबांनी माझं मनगट धरलं तेव्हा माझ्या ओंजळीत तांदूळ होते. वर नारळ, त्याखाली हिरवा खण. समोर पाटावर त्यांची सून बसली होती. सातवा महिना. पदर पसरून माझ्याकडे बघत होती. मनगटाला झटका बसला आणि थोडे तांदूळ तिच्या साडीवर सांडले.

ताईसाहेब म्हणजे आमच्या संस्थाचालकांच्या बायको. मी त्यांच्या शाळेत पहिलीला शिकवते. शाळा पुसदपासून आत, खेड्यात. बंगला पुसदला. बंगल्यावर कार्यक्रम असला की आम्हा बाई-मास्तरणींना निरोप येतो, आणि निरोप म्हणजे हुकूम. डी.एड.ला पुऱ्या लाटणं हा एक विषय ठेवायला हवा होता, आमच्या संस्थेत तोच जास्त लागतो. त्या दिवशीही मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते.

ओटी भरायला पाच लेकुरवाळ्या लागतात. नवरा असलेल्या, लेकरू असलेल्या. पाचवी यायची होती ती दिग्रसजवळ गाडी बंद पडून अडकली. मुहूर्त टळत होता. तेव्हा सूनबाईनंच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली, "मॅडम, तुम्हाला मुलगी आहे ना? या ना तुम्हीच."

मी पिठाचे हात धुतले. पदर नीट केला. खरं सांगते, मला बरं वाटलं. पोडावरची, म्हणजे आदिवासी कोलामांच्या वस्तीवरची पोर मी. आमच्या पोडावरून शिकून नोकरीला लागलेली पहिली. मला दिवाणखान्यात गालिच्यावर बोलावलं होतं, ओटी भरायला.

म्हणून मनगट धरलं तेव्हा आधी वाटलं, जात आडवी आली. जातीवरून बोलल्या असत्या तर मला ते नवीन नव्हतं. अंगावर घट्टा पडलाय त्याचा. पण त्या तसं बोलल्या नाहीत. जमलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हिनं पहिलं पाडलेलं आहे. अशा बाईच्या हातनं ओटी भरायची नसते."

माझ्या शाळेतल्या दोघी दारात उभ्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. त्यांना आजवर माहीत नव्हतं. माझ्या सासूला माहीत नाही, तिला सांगितलंय आपोआप पडलं. आईलाही, हेडमास्तरांनाही तेच सांगितलं. नवरा, मी आणि दवाखान्यातले लोक सोडले तर ही गोष्ट या जगात एकाच माणसाला माहीत होती. ताईसाहेबांना. आणि त्यांना माहीत होती, कारण ती त्यांनीच घडवली होती.

तेव्हा मी शिक्षणसेवक होते. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची, मग मान्यता येते आणि नोकरी पक्की होते. शेवटचं वर्ष चालू होतं आणि मला दिवस गेले. मी खुळी. हरखून हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी बंगल्यावर कळवलं. मला बोलावणं आलं. एकटीलाच.

ताईसाहेबांनी मला चहा दिला. बशीत बिस्किटं. मग अगदी मायेनं बोलल्या. "तू बाळंतपणाच्या रजेवर जाशील, तर तुझ्या वर्गावर दुसरी बाई घ्यावी लागेल. आणि घेतली की तीच राहील. तुला नोकरी हवी की नाही, तू बघ. वय लहान आहे तुझं. मूल काय, पुन्हा होईल."

रजा हक्काची असते हे मला डी.एड.ला शिकवलेलं होतं. पाठ होतं. पण त्या खोलीत ते माझ्या तोंडून निघालं नाही. हातात त्यांचा कप होता.

घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो पंक्चरच्या दुकानावर बसतो. तो म्हणाला, "नोकरी गेली तं काय खाऊ आपण? पोरं काय, होतीन अजून." मी त्याला दोष देत नाही. पण विसरलेही नाही.

दवाखाना उमरखेडला ठरवला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. गाडी ताईसाहेबांनी पाठवली. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एसी गाडीत बसले ती तेव्हा.

झाल्यावर दवाखान्यातल्या मावशीनं माझ्या अंगावर चादर ओढली आणि म्हणाली, "झाल्या बाई तुम्ही मोकळ्या."

आमच्याकडे बाई बाळंत झाली तरी मोकळी झाली म्हणतात. शेजारच्या खोलीतली बाई त्याच सकाळी मोकळी झाली होती. तिच्या खोलीतून लेकराचं रडणं येत होतं. दोघींना शब्द एकच. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ते रडणं ऐकत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी शाळेत हजर होते, फळ्यावर अ आ इ काढत.

मान्यता आली. पेढे वाटले. ताईसाहेबांना पहिला पेढा.

नंतर मुलगी झाली. तिच्या वेळी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "पहिलंच ना?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "हो, पहिलंच." मी त्या स्टुलावर बसून राहिले. माझ्या डोळ्यांदेखत माझं पहिलं दुसऱ्यांदा गेलं.

मी त्याला 'ते' म्हणते. मुलगा होता की मुलगी, मला ठाऊक नाही. पण ते कितवीत असतं, हे मला विचारा. ज्या वर्षी ते पहिलीत आलं असतं, त्या वर्षी माझ्याच वर्गात बसलं असतं. रोज हजेरी घेताना शेवटचं नाव झालं तरी मी थांबायचे. पोरं म्हणायची, "बाई, संपली." मग मी हजेरी मिटायचे. ती पोरं यंदा तिसरीत आहेत. मधल्या सुट्टीत ती नळावर भांडतात आणि मी सोडवायला जाते. उगीच एकेकाच्या डोक्यावर हात ठेवते.

रात्री कधी रडू आलं तर नवरा म्हणायचा, "झालं ते झालं. आता कायले उकरून राह्यली?"

माझ्या मावसबहिणीनंही पाडलं. स्वतःच्या मनानं. तिसरं नको होतं तिला. ती मजेत आहे, आणि मजेतच राहावी. तिचं तिनं ठरवलं. माझं मी ठरवलंच नाही. माझ्या पोटातलं कोणी दुसऱ्यानंच चहा पीत ठरवलं, आणि वर मी त्यांना पेढा दिला. हे मला जाळतं. पाप केलं म्हणून मी रडत नव्हते. मला पाप वाटतच नाही. मला राग येतो. इतकी वर्षं मी त्या रागालाच लाज समजत होते.

आणि आता तीच बाई माझं मनगट धरून मला अशुभ म्हणत होती.

मी तांदूळ ताटात ठेवले. नारळ ठेवला. खण घडी करून ठेवला. स्वयंपाकघराकडे वळले. दोन पावलं गेले असेन. तिथे माझं पीठ अर्धं मळलेलं दिसत होतं. मी मागे फिरले.

"ताईसाहेब, खरं आहे. मी पाडलं. कोणी पाडायला लावलं, तेही सांगा ना यांना."

"नोकरी तुला हवी होती. मी काय हात धरून नेलं होतं?"

"गाडी तुमची होती."

त्यांचा चेहरा उतरला. लगेच सावरल्या. "शुभकार्यात रडगाणं कशाला गं?"

"मी रडून नाही राह्यली. मी सांगून राह्यली."

त्या दिवाणखान्यात मी आजवर शुद्ध बोलत आले होते, जीभ सांभाळून. त्या दिवशी माझी बोली आपोआप बाहेर आली. सूनबाई पाटावरून माझ्याकडे बघत होती. तिचा हात पोटावर गेला होता. मी तिला म्हटलं, "तुमचं सुखरूप होवो. मनापासून सांगते." चप्पल घातली आणि बस स्टँडवर आले. पुऱ्या कोणी लाटल्या, मला माहीत नाही.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो "कायले" म्हणाला नाही. म्हणाला, "दवाखान्यात मी पहिलंच म्हणलतो. तसं म्हणायले नाही पाह्यजे होतं." इतकंच.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गाबाहेर आले. "मॅडम, एक वार बंगल्यावर जाऊन माफी मागून घ्या. विषय खतम." मी म्हटलं, नाही. "बदली करतीन तुमची, पार टोकाच्या शाळेवर." मी म्हटलं, करा. तेव्हापासून शाळेत माझ्याशी कोणी मोठ्यानं बोलत नाही. हळू आवाजात मात्र बोलतात. एकेक करून बायका जवळ येतात आणि आपलं सांगतात. किती जणींना त्या बंगल्यावर चहा मिळालाय, ते मला आत्ता कळतंय.

काल दुसरीवरची नवी मॅडम आली. शिक्षणसेवक. नोकरीला अजून दीड वर्ष झालेलं नाही. दाराआड उभी राहून म्हणाली, "मॅडम, मले दिवस गेले. उद्या ताईसाहेबांनी बोलावलं. एकटीलेच."

मी तिला एकच विचारलं. "तुला काय पाहिजे? तुझ्या नवऱ्याला नाही, मला नाही. तुला."

तिनं बराच वेळ विचार केला. मी घाई केली नाही. नको म्हणाली असती तर मी स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेले असते, आणि बाहेर बाकावर बसले असते.

"मले पाह्यजे, मॅडम," ती म्हणाली. "नोकरी बी पाह्यजे."

उद्या ती एकटी जाणार नाही. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. चहा आला तर दोघीही कपाला हात लावणार नाही. ताईसाहेब विचारतील, तू कशाला आलीस? मी सांगणार, हिची रजा मागायला. माझी बदली करायची तर करा, मला घरी बसवायचं तर बसवा. या बंगल्याला मी एक लेकरू दिलंय. दुसरं कोणाचं देऊ देणार नाही.