चाचांनी पास केलेलं इमान

"आँख को मत पूछ, हाथ को पूछ," असं म्हणत चाचा बोल्टवर अंगठा फिरवायचे. पाण्याची मोटर असो की गिरणीचा पट्टा, आधी अंगठा. टेंभुर्णीच्या बसस्टँडमागं त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्याआधी ते हवाई दलात, जुन्या लढाऊ इमानांचे मेकॅनिक. तुमच्याही गावात असा एक रागीट म्हातारा असलच, ज्याची नक्कल केली की आख्खा चौक हसतो. आमच्याकडं चाचा. नक्कल करणारा मी.

इमानाचं नाव काढलं की हातातलं काम थांबायचं. एकदा म्हणे पायलट पट्टे आवळून बसला अन् हत्यारांच्या पेटीत एक स्क्रू ड्रायव्हर कमी, इमानात राह्यला असंल तर? साहेब ओरडून राह्यले, चाचा चाकापुढं आडवे. सापडला कुठं, तर साहेबांच्याच जीपमध्ये. "मेरी हाँ के बगैर चिडिया नहीं उडती थी." हे ते छाती काढून सांगायचे, अन् हेच करून मी गॅदरिंगला टाळ्या घ्यायचो.

मंग इथल्या एका शाळेला एक जुनं लढाऊ इमान मिळालं. मैदानात लोखंडी खांबावर चढवायचं होतं. शाळेच्या अध्यक्षांनी चाचांना तपासायला बोलावलं. खांबावरच्या प्लेटवर अंगठा फिरवला अन् चाचा भडकले. आठातल्या दोन बोल्टांचे आटेच गेल्ते. खाली लेकरं खेळतेत, बदलल्याबिगर चढवायचं न्हाई. इमान चढवणाऱ्या फिटरनं कबूल केलं, तुम्ही हो म्हणेस्तोवर हात लावत न्हाई.

शुक्रवारी चाचा नमाजला गेल्ते. फोन दुकानातच राह्यल्ता, अन् आम्ही दोस्त तिथं टवाळक्या करत बसल्तो. फिटरचा फोन आला. बोल्ट उद्या येतेत पण क्रेन आजच आलीय, अध्यक्ष घाई करून राह्यले, काय करू? मी घसा खाकरला.

"बराबर है. चढा दे."

दोस्त पोट धरून हसले. मला वाटलं फिटर ओळखल, शिव्या देईल.

चाचा नमाजहून आले तवर इमान खांबावर. ते शाळेकडं पळाले, मी त्यांच्यामागं. अध्यक्ष म्हणाले, चाचा, फोनवर तुम्हीच तर हो म्हणले. चाचांनी हळूच माझ्याकडं पाह्यलं. मी कबूल केलं. अध्यक्ष खोखो हसले, लई भारी आवाज काढतो म्हणे. चाचा उतरवा म्हणले, तर म्हणे क्रेन गेली, उद्या फीत कापायचीय. ते हसणं अजून माझ्या डोक्यात जातं. त्याच्याहून जास्त माझा मी जातो.

चाचा एवढंच बोलले, "जेब काटता तो माफ करता. मेरी हाँ काहे को चुराया रे?"

तिथून पुढं रोज डब्याच्या सुट्टीत ते काठी घेऊन खांबाखाली उभे, लेकरं हाकलायला. अध्यक्षांनी गेट बंद केलं, तर गेटाबाहेरून ओरडायचे. माझ्याशी पुन्हा बोलले न्हाई. उन्हाळ्यात गेले.

बोल्ट अजून तेच; नवे आले, पण बदलायला अध्यक्ष पुन्हा क्रेन बोलवत न्हाईत. मी अर्ज दिले, अध्यक्षांशी भांडलो. विचारल त्याला वॉचमन सांगतो, चाचांनी सोता पास केलंय.

परवा सुट्टीत दोन पोरी त्या इमानाच्या सावलीत डबा उघडून बसल्या. मी गेटावरून बोंबललो, "उठा तिथून. आधी उठा." घसा फाटला. पोरी हसायल्या. एक दुसरीला म्हणाली, चाचांची नक्कल करून राह्यला. अन् मला म्हणाली, "दादा, अजून एकदा करा ना."