गुरुवारची फेरी

विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात फील्डताई नेमकं काय करतात, हे धड सांगू शकेल असा माणूस त्या चार मजली इमारतीत शोधून सापडला नसता. हुद्द्याच्या कागदावर ‘क्षेत्र सहाय्यक’ लिहिलेलं. म्हणजे काय, तर दर गुरुवारी सकाळी नऊला पांढऱ्या कोटातली तीस-बत्तीस पोरं बसमध्ये कोंबायची, टेकडीमागच्या वस्तीत न्यायची, घरोघर फिरवायची आणि एकही न हरवता दोन वाजता परत आणायची. सत्तावीस वर्षं बाईंनी हे इमानेइतबारे केलं. वस्तीतल्या कुत्र्यांनासुद्धा गुरुवार कळतो, असं बसचा ड्रायव्हर म्हणायचा.

घरात गेल्यावर विचारायचं काय, हे पुस्तकात छापलेलं असतंच. पण ताईंची तऱ्हा निराळी. उंबरा ओलांडला की त्या कागद बाहेर काढायच्याच नाहीत. खुशाल फतकल मारून बसायच्या, रुमालाने मान पुसायच्या आणि म्हणायच्या, “अगं, आधी घोटभर पाणी दे बाई, जीव गेला चालून.” घरातली बाई उठली की ताई पोरांना डोळ्यांनी खुणावायच्या. पिंपावर झाकण आहे का बघा. पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढते की पेल्यासकट हात मनगटापर्यंत बुडवते, ते बघा. मग ते पाणी त्या सगळ्यांसमोर प्यायच्या. वास असला तर तिथेच कळायचा.

बाहेर गल्लीत आल्यावर शिकवणी सुरू. “तोंडाने सगळ्या ओगराळंच सांगतात. मीही सांगितलं असतं. परक्या माणसाला कोण सांगेल, मी हात बुडवते म्हणून? विचारत बसू नका. पाणी मागा.”

एखादं चुणचुणीत पोर विचारायचंच, “पण ताई, तुम्ही आजारी नाही पडत?”

“पडते की! तीनदा पडले. म्हणून तर इतकं पक्कं पाठ झालंय.”

आता विभागप्रमुख झालेल्या मॅडमही याच बसमधून गेलेल्या. पहिल्याच गुरुवारी गटाराकाठी त्यांना भडाभडा ओकारी झाली होती, तेव्हा ताईंनीच पाठ चोळली होती आणि वर्गात कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. शब्द पाळला बाईंनी, आजपर्यंत.

वस्तीतल्या तिसऱ्या गल्लीत भिंगरी राहायची. हे नाव ताईंनीच पाडलेलं. तान्ही असताना वजनकाट्याच्या झोळीत घातली की ही अशी काही वळवळायची की काटा कधी ठरायचाच नाही. पोरं अंदाजाने आकडा लिहायची आणि ताई त्यांना खोडायला लावायच्या. आता ती बावीस वर्षांची होती. नवरा कामासाठी लांबच्या गावी, ही आईजवळ राहायची, आणि पाचवा महिना लागला होता. “ताई, तुमच्या पोरांना आता दोघांचं वजन करावं लागणार,” असं म्हणून खिदळायची. ताईंना स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल त्या कुणाजवळ बोलत नसत, पण भिंगरीच्या दारात त्या अंमळ जास्तच वेळ बसत, हे ड्रायव्हरलाही ठाऊक होतं.

तर त्याच्या आदल्या वर्षीच विद्यापीठाला नावीन्याचा झटका आला होता. अध्यापनात काहीतरी नवं करून दाखवा, असं वरून फर्मान निघालं, आणि मॅडमनी ‘आभासी वस्ती’ काढली. डोळ्यांना जाडजूड चष्मा बांधायचा की खुर्चीत बसल्या बसल्या माणूस वस्तीत. घरं, गल्ल्या, गटार, सगळं समोर. फक्त गटाराला वास नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

वस्ती बनवायला एक संगणकवाला आला. तीन दिवस त्याने ताईंना थंडगार खोलीत समोर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. माणूस भला होता, पाठीला उशीबिशी आणून द्यायचा. पाण्यापाशी आले तेव्हा ताईंनी त्याला हाताचं सगळं समजावलं. त्याने डोकं खाजवलं.

“बोटं फार अवघड असतात हो ताई. पाण्यात बुडताना दाखवायची म्हणजे महिने जातील. आपण बाईचं उत्तर तेवढं ठेवू. काय म्हणते ती?”

“ओगराळ्याने काढते म्हणते. पण—”

“झालं तर मग!”

शेवटी सहीचा कागद आला. ताईंच्या नावापुढे छापलं होतं, ‘क्षेत्रतज्ज्ञ’. सत्तावीस वर्षांत असा शब्द त्यांच्या नावाला कधी चिकटला नव्हता. सही करण्याआधी चष्मा लावून सगळी वस्ती तपासायची, असा नियम होता. ताईंनी लावला. अर्ध्या मिनिटात गरगरायला लागलं, खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला. काढून ठेवला आणि सही ठोकली. घरी सांगितलं तेव्हा शिंपीकाम करणारा नवरा मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “अरे वा, तज्ज्ञ! मग आता चहा मीच टाकायचा म्हणा.” दोघं हसले. त्या दिवशी ताईंना खरंच बरं वाटलं होतं. उगाच कशाला खोटं बोला.

आभासी वस्तीला बक्षीस मिळालं आणि गुरुवारची बस बंद झाली. ताई मॅडमच्या खोलीत गेल्या.

“मॅडम, बस का हो बंद केली?”

“ताई, बसा ना. अहो, आता प्रत्येक मुलगा आठवड्यात चाळीस घरं करतो. बसने किती व्हायची? पाच. आणि तिथे कुणाला काही झालं, कुत्रं चावलं, तर जबाबदार कोण?”

“सत्तावीस वर्षांत दोघांना चावलं. आणि वस्तीला काय झालं तर?”

“दवाखान्याची नर्स जाते की तिथे.”

“महिन्यातून एकदा, लसीच्या दिवशी. मॅडम, ती भिंगरी पाच महिन्यांची पोटुशी आहे. वळवाचे दिवस तोंडावर आलेत, पाण्याची पाइप गटाराला खेटून गेलीय. कुणीतरी दर आठवड्याला जाऊन पाणी प्यायला हवं तिथे.”

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, मायेनेच हसल्या, पण हसल्या. “सहामाहीत एक फेरी ठेवते. तुमच्यासाठी. चालेल?”

न चालून सांगता कुणाला? ताईंना प्रयोगशाळेत बसवलं. चष्मे चार्ज करायचे, त्यांचे पट्टे स्पिरिटने पुसायचे, हजेरी घ्यायची. रविवारी आपणच वस्तीत जायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि दोन रविवार गेल्याही. मग नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, त्यात घर अडकलं. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करता करता दीड महिना निघून गेला. याचा दोष त्या आजही दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

सहामाहीतली ती एकुलती एक फेरी ठरली, आणि नेमके त्याच दिवशी परगावचे पाहुणे आभासी वस्ती बघायला आले. चष्मे तयार ठेवायला माणूस हवा. “ताई, मुलं जातील एकटी, सरावलीत आता,” मॅडम म्हणाल्या. खिडकीतून बस फाटकाबाहेर जाताना दिसली. ताई हातात स्पिरिटचा बोळा घेऊन उभ्या होत्या.

पोरं दोन तासांत साठ घरं करून आली. कौतुकच झालं त्यांचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, टॅबलेटवर बोट फिरवून, एका घराला दोन मिनिटं. पडद्यावर शिकली होती तसंच केलं बिचाऱ्यांनी. पाणी कसं काढता? ओगराळ्याने. हिरवी खूण. पुढचं घर. तिसऱ्या गल्लीत भिंगरीच्या आईने पेला पुढे केला, तर पोरं म्हणाली, “नको मावशी, आमच्याकडे बाटल्या आहेत.” बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही, असा नवा नियमच होता. त्या पाण्याला तीन आठवड्यांपासून वास येत होता. शेजारच्या दोन घरांत डोळे पिवळे झालेली माणसं आत अंथरुणावर होती, आणि पोरं दारात.

साठच्या साठ घरांत पाणी सुरक्षित, असा अहवाल झाला. ताईंनी तो वाचला. उत्तरांचे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. संगणकवाल्याला त्यांनीच सांगितलेले होते, जसेच्या तसे. तडक मॅडमकडे गेल्या. “साठ घरांत एकही बाई हात बुडवत नाही? असं गाव पृथ्वीवर नाही हो, मॅडम!” मॅडम पाहुण्यांना निरोप देत होत्या. सोमवारी बोलू, म्हणाल्या.

सोमवारी ताई कुणाची परवानगी न घेता रिक्षा करून गेल्या. तिसऱ्या गल्लीत घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “मोठ्या दवाखान्यात नेलंय. पिवळी पडली आणि काल रात्रीपासून कुणाला ओळखेना.”

दूषित पाण्याची कावीळ धडधाकट माणसाला महिनाभर लोळवते आणि सोडते. पोटुशी बाईला ती सोडेलच असं नाही. हे ताई सत्तावीस वर्षं पोरांना सांगत आल्या होत्या. वॉर्डात सगळ्यात शेवटच्या खाटेवर भिंगरी उताणी पडली होती, हात खाटेच्या दांड्यांना बांधलेले. सातवा महिना होता. ताईंनी हाक मारली. पुन्हा मारली. पापणीसुद्धा हलली नाही. बुधवारी दुपारी ती गेली, आणि पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

बाहेरच्या बाकावर आई बसली होती. ताईंना वाटलं, ही आता आपल्याला काहीतरी बोलेल. बोलावं, तोंडावर मारावं, शिव्या घालाव्यात. पण ती बाई म्हणाली, “तुमची पोरं आली होती हो ताई. फार चांगली पोरं. माझ्या सारवल्या उंबऱ्यावर पाय नाही दिला कुणी.” एवढं बोलून तिने ताईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. ताईंना रडूही येईना. आपण सही केली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आणखी दोन माणसं गेली. मग मात्र विभाग खडबडून जागा झाला. बैल गेला आणि झोपा केला! पाइप खणली, नकाशे काढले, बाटल्यांतून पाणी तपासायला गेलं. ताईंनी मॅडमना सगळं सांगितलं, सहीचं, चष्म्याचं, अर्ध्या मिनिटाचं. मॅडम ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “ताई, तिचं मरण वाया जाऊ द्यायचं नाही.”

ताईंना वाटलं, बस सुरू होणार. बस कसली! आभासी वस्तीत नवी पायरी आली, ‘गल्ली क्रमांक तीन’.

नव्या वर्षाची पोरं आली. ताईंनी बत्तीस चष्मे मांडले, बत्तीस नावं पुकारली. गल्लीत पिवळे डोळे झालेली एक गरोदर बाई आहे, ती वीस मिनिटांत शोधायची आणि दवाखान्यात पोचवायची, असा सराव होता. पोरं खुर्च्यांत बसून हवेत हात हलवत होती. ताई भिंतीशी उभ्या होत्या. बाराव्या मिनिटाला पहिला आवाज झाला, टिंग. मग दुसरा. मग धडाधड सगळेच. बत्तीसच्या बत्तीस जणांनी तिला वाचवलं. टाळ्या झाल्या.

पुढच्या रांगेतल्या मुलीने चष्मा काढला. गाल लाल झाले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. गुणी पोर असणार.

“ताई, वाचली! बाळसुद्धा!”

ताईंनी तिच्या हातातून चष्मा घेतला. त्या पोरीचा यात काय दोष? शाबास म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण तोंडून निघालं, “ती मेली, बाळा.”

मुलगी गोंधळली. तिने भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं, आपलं नाव शोधलं, आणि ताईंची समजूत काढावी तशी हळूच म्हणाली, “नाही हो ताई. बघा ना, हिरवं आलंय.”