कालवांचा गुरुवार

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, कारण आमच्या पट्ट्यात त्या दिवशी वीज नसते. त्याच कारणाने भाचीच्या कॉलेजातली प्रयोगशाळाही बंद. बायकोचा उपासही गुरुवारचाच. हे तिन्ही गुरुवार चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकत्र आले आणि मध्ये मी सापडलो.

सोसायटीला जनरेटर आहे म्हणून भाची सकाळीच चार बाटल्या घेऊन आली. आत कालवांची पिल्लं, धुळीच्या कणाएवढी. आम्ही मूळचे कोकणातले; कालवांशी माझं नातं तोवर फक्त तोंडाचं. खडकाला चिकटून बसलेली फोडायची आणि आमटीत टाकायची. ती लहानपणी पोहत फिरतात हे मला पन्नाशीत कळलं.

समुद्र तापतोय, त्यातच पिल्लांचं खाणं कमी पडतंय. दोन्ही एकदम झालं तर त्यांचं काय होतं, हे तिला बघायचं होतं. गरम पाण्यात त्यांचं शरीर जोरात चालतं, भूक वाढते, आणि नेमकं तेव्हाच ताट रिकामं. म्हणून दोन बाटल्या हीटरच्या टबात, दोन बाहेर. दोन्हीकडे एक पोटभर, एक उपाशी. माझ्या सोयीसाठी चिठ्ठ्या तिने मराठीत लावल्या. तिची चूक एवढीच.

संध्याकाळी पोटभर बाटल्यांना ड्रॉपरने शेवाळाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब द्यायचे, उपाशींना थेंबही नाही, नाहीतर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल आणि महिनाअखेरीस रिपोर्ट द्यायचाय, असं बजावून ती गेली. मेहनत तर आधीपासूनच पाण्यात होती.

मी चाकणला कारखान्यात पेंट शॉपचे, म्हणजे रंग भाजून पक्का करायचे ओव्हन सांभाळतो. एका डिग्रीवरून सुपरवायझरशी भांडणारा माणूस. दिवसभर टबाचं तापमान हलू दिलं नाही, दर अर्ध्या तासाने वहीत नोंद केली. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

सातला बायकोने दिवा लावला, ताट वाढून घेतलं आणि म्हणाली, "चला, सोडते उपास."

मी चिठ्ठ्या वाचल्या. उपाशी. आणि वार गुरुवार. थेंबही नको असं भाची म्हणाली होती, पण ते उपास चालू असताना. सुटल्यावरचं काही बोलली नव्हती. मी दोन्ही उपाशी बाटल्यांत दहा-दहा थेंब टाकले. दिवसभराची उपाशी पिल्लं, पाचात काय होणार?

भाची आल्यावर मीच कौतुकाने सांगितलं. ती चप्पल न काढता तशीच सोफ्यावर बसली. म्हणाली, "मामा, समुद्रात यांचा उपास सोडायला तुम्ही जाणार आहात का?"

बायकोचा घास हातातच राहिला.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तिच्या सरांनी कुरकुरत पंधरा दिवस वाढवून दिले. नव्या पिल्लांसाठी जिवंत कालवं आणायला रजा टाकून मी गावी गेलो, ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आलो. वहिनीने कालवांचीच आमटी केली होती. पश्चात्ताप होताच, पण दोन वाट्या खाल्ल्या.

पुढे एका गुरुवारी भाचीने मोबाइलवर सूक्ष्मदर्शकातून काढलेला व्हिडिओ दाखवला. साध्या पाण्यातली उपाशी पिल्लं हळूहळू का होईना, फिरत होती. गरम पाण्यातली उपाशी तळाला निपचित पडली होती. रिपोर्टसाठी तिला हेच हवं होतं, तरी आवाजात आनंद नव्हता.

संध्याकाळी बायकोने ताट वाढून घेतलं, तसा माझा हात आपोआप टेबलावरच्या बाटल्यांकडे गेला. ड्रॉपर नव्हता. भाची तो पर्समध्ये टाकून घेऊन गेली होती.