नीसच्या पाण्यात पाय

आमच्या ह्यांना समुद्राचं भारी वेड. तेही साध्यासुध्या समुद्राचं नाही, फ्रान्समधल्या नीस गावच्या समुद्राचं! देवळालीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर तेच. निळंशार पाणी, किनाऱ्यावरच्या निळ्या खुर्च्या, शेजारचा किल्ल्याचा डोंगर. "वाळू नाही गं तिथे, सगळे गोटे!" असं सांगायचे, जसं काही ह्यांचं आजोळच तिथलं.

"गोटे बघायला एवढ्या लांब? गोदावरीत काय कमी आहेत?" मी टोमणा मारायचे.

"त्या पाण्यात पाय सोडून बसायचंय मला," एवढंच म्हणायचे. शेवटी बुकिंग केलं, व्हिसाही आला, आणि एका सकाळी दाढी करता करता हे गेले.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून होता मेला, पण खाली उतरायचं नाव नाही. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. दिरांनी गावच्या जमिनीचं नीट करू म्हणून सांगितलं. नणंदेने ह्यांच्या आवडीची कांदाभजी आणून ठेवली. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, आणि माझा तोल सुटला. रडत रडत ओरडलेच मी, "अहो, जाते मी एकटी! त्या पाण्यात पाय घालून येते तुमच्या नावाने. आता आणखी जिवाला घोर लावू नका!"

आणि कावळा उतरला. योगायोग म्हणा, मीही तसंच म्हणते. पण सगळ्या भावकीने ऐकलं होतं.

म्हणून मग रद्द केलेलं बुकिंग पुन्हा केलं. गोट्यांवरून चालायला रबरी चपला घेतल्या, चिवडा-मेतकूट बांधलं. टूरमध्ये सगळी जोडपी. "काकू, आमचा एक फोटो काढा ना!" की मी आपली काढतेय. किल्ल्याच्या डोंगरावर किल्ला नाहीच मुळी, धबधबा आहे, आणि तिथून अख्खा किनारा दिसतो. फुलांचा बाजारही पाहिला, छान आहे. पाण्याकडे मात्र फिरकले नाही. एकदा म्हटलं गुडघा दुखतोय, एकदा म्हटलं ऊन लागतंय. निळ्या खुर्चीत बसून लांबून बघत राहायचे.

निघायच्या सकाळी बॅगा बसमध्ये चढल्या आणि मुलाचा फोन आला. "आई, घातलेस ना पाय?"

"घालते रे! पाणी कुठे पळून चाललंय का?" खेकसलेच त्याच्यावर.

मग गेले. गोटे पायाखालून सरकत होते, हात धरायला कोणी नव्हतं. सलवार वर खोचली. पाणी गारठवणारं होतं. एक लाट गुडघ्यापर्यंत आली.

"घ्या," मी मोठ्याने म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं."

आणि तेव्हा कळलं, मी का टाळत होते ते. तिकीट, चपला, विमान, सगळं चाललं होतं तोवर ह्यांचं माझ्याकडे काहीतरी काम होतं. ते आता संपलं. मागून बसवाले हाका मारत होते, आणि मी पाण्यात उभी राहून हमसून हमसून रडत होते.

"अहो," मी म्हणत होते, "आणखी काहीतरी मागा ना."