हेलनचा संशय आणि रविवारचे चॉप

हेलन गेल्याचा मेसेज तिच्याच नंबरवरून आला आणि मी तो खोटा ठरवला. हल्ली असले मेसेज येतात. कुणाचा तरी फोन हॅक होतो, मग अपघात, हॉस्पिटल, मदत पाठवा... मी उत्तरच दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र राहवेना, म्हणून फोन लावला, तर पलीकडून हेलनसारखाच पण हेलनचा नसलेला आवाज आला. "सुनंदाक्का ना? मी फ्लोरा, हेलनची धाकटी बहीण. बेळगावहून आलेय." तरीही माझ्या तोंडून निघालं, "कशावरून?" मग फ्लोरा रडता रडता हसली. म्हणाली, "होय, तुम्हीच त्या. ताईपण हेच विचारायची."

आमची ओळख बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यातली. मी निपाणीहून आलेली, हिशेबाच्या टेबलावर. ती बेळगावच्या मराठी ख्रिस्ती घरातली, माल तपासणाऱ्या विभागात. संशय घेणं हे तिचं कामच होतं आणि ते ती घरीही घेऊन यायची. दूधवाला, रिक्षाचा मीटर, पावसाचा अंदाज, कुणावर म्हणून विश्वास नाही. येलहंक्यात आम्ही एकाच घराच्या गच्चीवरच्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. खाली घरमालकीण अक्का आणि त्यांचे निवृत्त शिक्षक यजमान, ज्यांना सगळी गल्ली मेष्ट्रू म्हणायची. अक्कांची अट एकच होती. घरात अंडंसुद्धा शिजता कामा नये.

आणि हेलन दर रविवारी पोर्क चॉप करायची.

सकाळी दुकान उघडायच्या आधी ती शटरसमोर उभी असायची, कारण उशिरा गेलं की कालचं गळ्यात मारतात अशी तिची खात्री. दुकानदारानं पुढे केलेला तुकडा ती कधीच घ्यायची नाही. बोटानं चरबी दाबून बघायची, हाडाजवळ वास घ्यायची, आणि कमरेकडचे देखणे, महागडे चॉप सोडून खांद्याकडचे मागायची. "देखणे कोरडे पडतात गे," म्हणायची, "ह्यांत चरबी असते, आणि हे कुणी मागत नाही म्हणून स्वस्त." मग घरी आल्यावर दार बंद, खिडकीच्या फटीत ओला टॉवेल. मलाही आत घ्यायची नाही. कृती चोरीला जाईल ही तिची भीती. मी माझ्या खोलीत भाकऱ्या थापत बसायची आणि भिंतीपलीकडून तव्याची चुरचुर ऐकायची. थोड्या वेळानं दार किलकिलं व्हायचं आणि एक ताटली बाहेर यायची. तसले चॉप मी आजवर दुसरीकडे खाल्लेले नाहीत.

माझंही मन काही फार स्वच्छ नव्हतं. ताटली घेताना आत ओट्यावर झाकून ठेवलेली एक वाटी मला दिसायची आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी व्हायची. विचारलं तर म्हणायची, "उद्याला ठेवलंय." दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात वांग्याची भाजी. कुणीतरी पुरुष गच्चीवर येतो, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. जिना कुरकुरला की कान टवकारायची...

मग एका सोमवारी आम्ही कामावरून परतलो तर अक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या. हेलनकडे न बघता म्हणाल्या, "महिनाअखेरीला खोली खाली करायची." कारण सांगितलं नाही. हेलननंही विचारलं नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण आठवड्याभरात अक्कांनी मला बोलावून हेलनची मोठी, खिडकीवाली खोली देऊ केली, भाडं तेवढंच. वर कौतुकानं म्हणाल्या, "तू सरी आहेस, नीट वागतेस. तुझा त्रास नाही." हे हेलननं जिन्यावरून ऐकलं. चुगली मीच केली असा अर्थ तिनं काढला, आणि माझ्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तोच काढला असता. मी ती खोली घेतली नाही, पण त्याचाही उपयोग झाला नाही. "आता नाही म्हणालीस," ती म्हणाली, "म्हणजे मनात काहीतरी खुपतंय."

त्यानंतर कारखान्यात ती माझ्याकडे पाठ करून जेवायची. पुढे तिनं नोकरी बदलली आणि महादेवपुऱ्याला राहायला गेली. माझं लग्न झालं, येलहंक्यातच घर झालं. इतक्या वर्षांत एकदाही फोन नाही. मला राग होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी. न केलेल्या गोष्टीसाठी आपण कुणाच्या तरी डोक्यात कायमचे वाईट ठरलोय, हे अंगात रुतून बसतं.

अक्का वारल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. मेष्ट्रू अगदी खंगले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला माझ्यामुळे घर सोडावं लागलं." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. ती झाकलेली वाटी त्यांची असायची. वास लपवायला हेलन कितीही टॉवेल लावो, गच्चीवर कपडे वाळत घालताना तो त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्यांनी एकदा लाजत लाजत विचारलं होतं. दर रविवारी पाण्याच्या टाकीमागे बसून ते खायचे आणि हाडं मोगऱ्याच्या कुंडीत पुरायचे. मांजरानं एक हाड उकरलं, अक्कांना ते दिसलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून त्या सगळं समजल्या. "मी तोंड उघडायला हवं होतं," म्हणाले, "स्वल्प धैर्य कमी पडलं."

दुसऱ्याच दिवशी जुन्या कारखान्यातून पत्ता काढून मी महादेवपुऱ्याला गेले. हेलननं साखळी न काढताच दार उघडलं. केस पिकले होते, नजर तीच. "कुणी पाठवलं तुला?" मी दाराच्या फटीतूनच सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बायको गेली म्हणून म्हातारा आता बोलतोय. पण तू कशाला धावत आलीस?"

मीही चिडले. "इतकी वर्षं माझ्यावर संशय घेतलास, त्यांच्यावर एकदाही नाही?"

"तो खायचा गे!" हेलन म्हणाली. "खाणारा माणूस कशाला सांगेल?"

दार बंद झालं. मी बसमध्ये रडले. संपलं, असंच समजून चालले होते.

काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, माझ्या दाराची बेल वाजली. हेलन उभी. हातात काळी पिशवी. "गेल्या रविवारी मेष्ट्रूंकडे चॉप घेऊन गेले होते," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणाले?" "म्हणाले, मिरे जास्त झाले." ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, माझ्या सुरीची धार बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "इथं उभी राहा. बघ."

माफी तिनं मागितली नाही. पण जी कृती तिनं दाराआड जपली होती, ती त्या दिवशी मला दाखवली. चॉप आधी दोनेक तास मिठाच्या पाण्यात, म्हणजे स्वस्तातला तुकडाही मऊ पडतो. चरबीच्या कडेला सुरीनं काप द्यायचे, नाहीतर तव्यावर चॉप वाकडे होतात. वाटण साधंच, आलं, लसूण, मिरे, भिजवलेली ब्याडगी मिरची. "कूर्गकडचे कोडगूवाले त्यांचा काळा आंबट रस घालतात, तो महाग. आपण चिंच घालू, गुळाचा खडा घालू." तेल अजिबात नाही. चॉप चिमट्यात धरून आधी चरबीची कड तव्यावर उभी टेकवायची, तिचंच तूप सुटतं. त्यात दोन्ही बाजू लाल करायच्या, मग कांदा, झाकण आणि मंद आच. उरलेल्या चरबीत बटाट्याच्या फोडी, म्हणजे चार माणसांत दोन चॉपही पुरतात. मी झाकण उचलायला गेले तर हातावर फटका बसला. कितीतरी वर्षांनी कुणी मला असं हक्कानं मारलं होतं.

नंतरचे बरेच रविवार ती येत राहिली. शेवटच्या वेळी निघताना तिनं ओट्यावर एक किल्ली ठेवली. तिच्या घराची. "राहू दे तुझ्याकडे. कुणाला सांगू नकोस." मी विचारलं, "का गे? बरं नाही का तुला?" ती चपला घालत म्हणाली, "प्रत्येक गोष्टीत संशय घेऊ नये माणसानं." हे तिनं म्हणावं! मी हसले. तिला तेव्हा काही कळलं होतं का, छातीत दुखत होतं का, डॉक्टरकडे जाऊन आली होती का... फ्लोरालाही माहीत नाही. मला अजून वाटतं, हेलनला माहीत होतं.

तिचं सामान आवरायला मीच त्या किल्लीनं दार उघडलं. फ्लोरा दारातच थबकली. "आम्हा घरच्यांना नाही दिली हो कधी तिनं," एवढंच बोलली. आता तिथं नवे भाडेकरू आलेत, कुलूपही बदललं असेल. पण माझ्या जुडग्यात ती किल्ली अजून आहे. रोज संध्याकाळी दारात उभी राहून मी किल्ल्या चाचपते, तेव्हा कशी कोण जाणे, आधी हेलनचीच हाताला लागते. क्षणभर ती तशीच धरते, आणि मग माझी शोधते.