काचेआडचं बोलणं

त्याला सगळी गिरणी भोंगा म्हणायची. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि हा तर मुळातच दणदणीत. घरातलं मीठ संपलं तरी ते आधी गल्लीला कळायचं आणि मग बायकोला. ती म्हणायची, "अहो, मी पुढ्यातच बसलेय." तो म्हणायचा, "मग मी कुठे ओरडतोय?" आणि हेही ओरडूनच.

शेडमध्ये मात्र हा भोंगा मुका. तिथे सगळेच मुके. माग सुरू झाले की कानाशी येऊन बोंबललं तरी काही ऐकू येत नाही, म्हणून विणकर ओठांनी बोलायचे. आवाज न काढता ओठ नुसते मोठे मोठे हलवायचे, आणि चार रांगा पलीकडचा माणूस ते वाचायचा. चेष्टामस्करी, भांडणं, पोरीबाळींची लग्नं जुळवणं, सगळं तसंच चालायचं. भोंगा त्यात एकदम पटाईत. समोरच्याने पाठ फिरवली तरच त्याचं बोलणं भोंग्यापासून वाचायचं.

एकेकाळी तीन शेड चालायच्या, आता एकच उरली होती. बाकी दोन्हींतले माग कधीच गेले आणि फरशीवर तेलाचे चौकोनी डाग राहिले. चांगले चांगले विणकर पांगले. एकजण छत्र्या दुरुस्त करत बसायचा, एकजण कुणाच्या तरी फाटकावर राखणीला. उरलेले रोज कामावर यायचे. आज आहे, उद्या काय, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

अशात जॉबर एके दिवशी भोंग्याच्या घरी आला. जॉबर म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती बघणारा, आणि हा जॉबर भोंग्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला गिरणीत चिकटवला भोंग्यानेच, हातात पहिला पाना दिला तोही त्यानेच. बहिणीच्या हातचा चहा पीत तो म्हणाला, "दाजी, मोठी ऑर्डर येतेय. शाळांच्या गणवेशाचं कापड. माणसं बघायला येणार आहेत, तेव्हा माग नुसते चकाचक पाहिजेत. आणि कुणाला सोडून जाऊ देऊ नका. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

ऐकणारच की. भोंगा आयुष्यात कुणाशी खोटं बोलला नव्हता; बोलला असता तरी त्या आवाजात ते खपलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून तो शेडभर सांगत सुटला. आपले चारही माग त्याने पुसले, तेल घातलं, खाचाखोचांत साठलेला कापसाचा फुफाटा बोटाने उकरून काढला. पाहुण्यांसमोर धागा तुटून लाज जायला नको म्हणून ताण्याचा उभा धागा न् धागा तपासला. बायको म्हणाली, "एवढं तर तुम्ही लग्नातसुद्धा नटला नव्हतात."

शेडला लागूनच्या खोलीत कांड्या भरणारी बाई होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं हे तिचं काम. नवरा गेलेला, दोन मुली पदरात. तिला एका दवाखान्यात चादरी धुण्याचं काम चालून आलं होतं, कायमचं. हो म्हणायच्या आधी ती भोंग्याकडे आली. "भाऊ, काय करू? इथलं खरंच सुरू राहील ना?"

"अगं, माझ्या मेहुण्याने सांगितलंय," भोंगा म्हणाला. "घरचा माणूस मला फसवेल होय? माझ्या शब्दावर थांब."

ती थांबली. दवाखान्यात दुसरी कुणीतरी लागली.

मग ती माणसं आली. तिघं होते, स्वच्छ बुटांचे. जॉबर त्यांच्या मागे-पुढे करत होता. भोंग्याने चारही माग असे पळवले की एक धागा तुटला नाही. तिघांतला एकजण खाली वाकला, मागाची चाकं न्याहाळली आणि खिशातून खडू काढून लोखंडावर फुली मारली. चारही मागांवर मारली. भोंग्याची छाती फुगली. त्याला वाटलं, पास झालो, पहिल्या नंबराने. त्याने पलीकडच्या विणकराला ओठांनी कळवलंसुद्धा.

मंडळी कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. दार लावलं की बोलणं आत राहतं, असं ऑफिसातल्या माणसांना वाटतं. जॉबर त्या दिवसांत स्वतःला ऑफिसातलाच समजायला लागला होता. तो काचेकडे तोंड करून, गिरणीच्या सवयीने ओठ मोठे करून बोलत होता.

भोंग्याने सहज मान वर केली.

"हे चार आधी न्या," जॉबर म्हणत होता. "शनिवारी उचला. बंद ठेवले असते तर गंज चढला असता, म्हणून चालवत ठेवलेत." खडूवाल्याची पाठ इकडे होती, त्याने काहीतरी विचारलं. जॉबर हसला. "लोकांचं काही नाही. तो विणकर माझा दाजी आहे. मी सांगतो ते तो सगळ्यांना सांगतो, आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

एका मागावरचा धागा तुटला. भोंग्याला कळलंच नाही. त्याला आपण याच्या हातात दिलेला पहिला पाना आठवला, चहा ओतणारी बायको आठवली, आणि त्याचं डोकं सणकलं. नालायक. केसाने गळा कापला, तोही घरात बसून.

जॉबर बाहेर आला. जवळ येऊन ओठांनी म्हणाला, "पसंत पडलं दाजी."

"काय पसंत पडलं, आणि कुणाला न्यायला?" भोंग्याने ओठांनीच विचारलं.

जॉबरचा चेहरा उतरला. त्याने काचेकडे पाहिलं, मग याच्याकडे. "माग जातायत तिकडे तुमची सोय मी लावलीय. तुमची एकट्याची. ताईला इतक्यात बोलू नका."

भोंगा क्षणभरच थांबला. बायकोला काय तोंड दाखवायचं, हा विचार येऊन गेला. मग तो रांगेच्या मधोमध उभा राहिला आणि ओठांनी सगळ्या शेडला सांगितलं. माग विकलेत. ऑर्डर नाही. शनिवारी नेणार आहेत. माझ्या मेहुण्याने मला बनवलं.

एक माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच्या रांग थांबत गेली. शेवटी भोंग्याने आपले चार बंद केले आणि भर दुपारी शेड गप्प झाली.

त्या शांततेत जॉबरला आवाज सापडला. "दाजी, घरच्या माणसाला असं चारचौघांत?" सगळे भोंग्याभोवती गोळा झाले. माग का थांबले म्हणून कांड्या भरणारी बाईही दारात आली, आणि कुणीतरी तिला दोन वाक्यांत सांगितलं.

भोंगा तिच्याकडे वळला. "मला फसवलं गं याने," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जवळच्यांनासुद्धा नीट ऐकू गेला नाही. "या जॉबरने."

तिने जॉबरकडे बघितलंही नाही.

"त्याला मी काही विचारलंच नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं."

आणि ती आपला डबा घ्यायला आत गेली.