आकाराम मामांचा पाय

दर जूनमध्ये शाळा उघडली की शिपाई आकाराम मामांना पायऱ्यांवर उभं केलं जायचं. प्रार्थना संपली की ते विजार गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे. उजवी पिंढरी वाळून काठीसारखी झालेली, घोटा आत वळलेला. मुख्याध्यापक नव्या मुलांना सांगायचे, "बघा. खांबावर चढलं की असं होतं." मग मामा म्हणायचे, "मी चढलतो, पडलो. तुम्ही चढू नका." अडतीस वर्षांत मुख्याध्यापक सात बदलले, वाक्य तेच राहिलं.

शाळा संस्थानच्या काळातली. पुढं आठ गोल दगडी खांब आणि वर साहेबी धाटणीचा त्रिकोणी माथा. कोल्हापुरात आलेल्या पावण्याला लोक मुद्दाम थांबवून दाखवायचे. मामांचा त्या इमारतीवर कधी राग नव्हता. आगाऊपणा आपण केला, दगडाचा काय दोष? रोज सकाळी ते फडक्यानं खांब पुसायचे.

इमारतीला सव्वाशे वर्षं झाली म्हणून डागडुजी निघाली. मे महिन्यात पूर्णिमा नावाची तरुण आर्किटेक्ट आली. जुन्या कपाटात तिला दुरुस्तीची वही सापडली. ती वही घेऊन ती मामांकडं आली.

"मामा, शहात्तर साली पाचवीतला आकाराम चौगुले म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय."

तिनं वाचून दाखवलं : ‘माथ्याखालील दगड निखळून पडला. शिक्षा म्हणून खाली उभा केलेला विद्यार्थी आकाराम चौगुले याचा पाय चिरडला. दगड सैल असल्याचे यापूर्वी दोनदा लेखी कळविले होते.’

मामा हसले. "न्हाय वो ताई. मी चढलतो की." त्यांना सगळं आठवत होतं. मिठीतला गार दगड, घामानं सुटलेले हात, खाली ओरडणारी पोरं.

तरी ते त्या दिवशी लवकर कळंब्याला घरी गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बनाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"आये, मी खांबावर चढलतो न्हवं?"

"न्हाय," बनाबाई म्हणाल्या. "पाढा चुकला म्हणून मास्तरनं हुबा केलता तुला."

"मग दवाखान्यात तू रोज माझ्याकडनं वदवून घ्यायचीस ते?"

"घेतलं की. म्हटल्याशिवाय मी तुला जेवाय देत नव्हते. हेडमास्तर म्हणालं, पोरगं आपणच चढलं असं लिहून दे, मोठं झालं की शिपाई म्हणून घेतो. लंगड्याला दुसरं कोण घेणार हुतं? दिला अंगठा."

"आता तरी सांगायचंस."

"सांगून काय पाय सरळ हुणार हाय?" त्यांनी पुढची पाकळी उचलली.

दुसऱ्या दिवशी मामा वहीच्या पानाची झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापक हंबीरराव सरांकडं गेले. सरांनी ती वाचली, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"मामा, शाळेच्या इतिहासाची पुस्तिका छापून झाली. सव्वाशे वर्षांत एक दगड हलला नाही, असं पहिल्याच पानावर आहे. आणि तुमच्या नोकरीचं आता दीडच वर्ष राहिलंय."

जूनमध्ये मामा पायऱ्यांवर उभे राहिले. विजार वर घेतली नाही. "मी चढलो नव्हतो," ते म्हणाले. "दगड पडलता." माईक सरांच्या हातात होता. पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

"मामांचं वय झालं," सर माईकवर हसत म्हणाले. मग खाली वाकले आणि स्वतःच विजार वर सारू लागले. मामांनी कापड दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. सरांनी एकेक बोट सोडवलं. मुलं आधी हसली, मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं.

मामा घरी गेले. सरांवर ओरडायची छाती झाली नाही. आईशी मात्र ते त्या दिवसापासून बोलले नाहीत. ताट वाढून समोर सरकवायचे, बस्स.

दिवाळीच्या तोंडावर बनाबाई अंथरुणाला खिळल्या. दोन दिवस त्या आतून हाका मारत होत्या, "आकाराम, अरं आकाराम." मामा दाराबाहेर कट्ट्यावर बसून होते. शेजारच्या विठाबाई येऊन म्हणाल्या, "अरं, पाणी तरी पाज तिला. तुझंच नाव घेतीया."

"तिला सांगा, मी घरात न्हाय," मामा मोठ्यानं म्हणाले.

आत हाक थांबली. पाणी विठाबाईंनीच पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बनाबाई गेल्या. उत्तरकार्य उरकून मामा पुन्हा कामावर हजर झाले.